सुईच्या आधीही पाय लुळे पडत होते

"कमरेत इंजेक्शन दिलं ना, तेव्हापासून पायाला मुंग्या येतात." बाळंतपणानंतरची ही तक्रार आपण कुठे ना कुठे ऐकलेली असते. सुईवर संशय जाणं साहजिकच आहे. पण जरा तारखा लावून बघू.

पाठीच्या कण्यात औषध देऊन पाय बधिर करण्याचा प्रयोग ऑगस्ट बिअर यांनी जर्मनीतल्या कील इथे १८९८ मध्ये केला. औषध होतं कोकेन. १९०० मध्ये बाझलच्या ऑस्कर क्राइस यांनी तीच पद्धत बाळंतिणींसाठी वापरली. मात्र बाळंतपणानंतर पाऊल लुळं पडल्याच्या नोंदी युरोपातल्या डॉक्टरांनी त्याच्या बऱ्याच आधी केल्या होत्या. तेव्हा ही सुईच नव्हती!

मग व्हायचं काय? कमरेतून पायाकडे जाणारी एक जाड नस कटीच्या हाडाच्या कडेवरून खाली उतरते. बाळाचं डोकं किंवा चिमटा तिथे दाबून राहिला, की नस चेपते आणि पाऊल वर उचलता येत नाही. मांड्या फार वेळ पोटाशी दुमडलेल्या राहिल्या तर जांघेपाशी नस दबून मांडीची बाहेरची बाजू बधिर होते.

अर्थात सुईची बदनामी अगदीच हवेतली नव्हती. इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड इथे १३ ऑक्टोबर १९४७ रोजी, साध्या ऑपरेशनसाठी अशी भूल दिलेल्या दोन पुरुषांचे पाय कायमचे गेले. औषधाच्या काचेच्या कुप्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवत. न दिसणाऱ्या तड्यांमधून ते आत झिरपलं, असं कोर्टात मानलं गेलं. १९५४ चा हा निकाल गाजला आणि ब्रिटनमध्ये ही भूल कित्येक वर्षं मागे पडली.

२००३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी ६,०४८ बाळंतिणींची पाहणी प्रसिद्ध केली. ५६ जणींना नवी नस-इजा होती, म्हणजे शंभरात साधारण एक. धोका जास्त होता तो पहिलटकरणींना आणि जोर लावण्याचा टप्पा लांबलेल्यांना. बहुतेक जणी काही महिन्यांत बऱ्या झाल्या. पण भूल असताना अवघडलेला पाय जाणवत नाही, म्हणून तो दुसऱ्या कुणीतरी हलवायला हवा.

"सुईमुळेच झालं" म्हटलं की पुढच्या खेपेला ती बाई भुलीला घाबरते. "होतं असं" म्हटलं तर कण्यात क्वचित होणारी रक्ताची गाठ किंवा पू नजरेतून सुटतो. दोन्ही पायांतली ताकद जात असेल, लघवी अडली असेल, भूल वेळेवर उतरत नसेल, तर तासही मोलाचे असतात. म्हणून निवाडा करण्याआधी पाय तपासायला हवा.