छावणीचे शहर आणि स्कूटरचा सिलिंडर

स्कूटरच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली फिरतो त्याचा आतला व्यास, वाढवायचा आणि तरीही ते इंजिन भरवशाचे ठेवायचे, ही आज हौशी तरुणांची विद्या समजली जाते. भारतात मात्र तिची मुळे टंचाईत आहेत, आणि लष्कर-ग्वाल्हेरसारख्या शहराच्या संदर्भात तिचा इतिहास पाहू लागले की वेगाच्या ओढीपेक्षा जुने यंत्र चालते ठेवण्याची निकडच त्यात ठळकपणे दिसू लागते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तो तळ पुन्हा हलला नाही आणि छावणीचेच लष्कर नावाचे शहर झाले. कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ आणि जिन्सी म्हणजे तोफा व त्यांचे सामान सांभाळणारा विभाग, अशी मूळची लष्करी नावे तिथल्या वस्त्यांना अजून चिकटलेली आहेत. त्याआधी महादजी शिंद्यांच्या काळात त्यांचा युरोपीय सेनानी द बॉयन्या याच्या पलटणींसाठी आग्र्याच्या कारखान्यात सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतून घेत असे, आणि जवळपास त्याच सुमारास इंग्लंडात जॉन विल्किन्सन याने १७७४ साली तोफेची नळी भरीव ओतून आतून कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. हीच कोरण्याची रीत पुढे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरला लागू पडली, कारण तोफेची नळी असो वा सिलिंडर, ती पूर्ण गोल हवी, सरळ हवी आणि सर्वत्र एकाच मापाची हवी, ही अट दोन्हींकडे सारखीच होती. अर्थात शिंद्यांच्या तोफखान्यापासून आजच्या गॅरेजपर्यंत सरळ वंशावळ काढणे धाडसाचे होईल. १८४३ च्या महाराजपूर आणि पनियारच्या लढायांनंतर झालेल्या तहाने संस्थानची फौज ९,००० वर आणून ठेवली आणि ती परंपरा तिथेच आटली. यंत्रांची आवड नव्याने रुजवली ती माधवराव शिंद्यांनी. दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांच्याच काळात भिंड, शिवपुरी आणि श्योपूरकडे पसरली (जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावरून सिगार आणि मद्य फिरवणारी चांदीची आगगाडी हा त्याच आवडीचा दरबारी आविष्कार), आणि १९०५ साली त्यांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा, जो मुळात जनावरांच्या खरेदी-विक्रीचा होता, तो अलीकडच्या वर्षांत रस्ता करातील सवलतीमुळे दुचाकी आणि मोटारींच्या खरेदीसाठी ओळखला जाऊ लागला.

स्कूटर भारतात आली ती इटलीतून. पियाज्जो कंपनीची व्हेस्पा १९४६ साली आणि इन्नोसेंटीची लॅम्ब्रेटा १९४७ साली बाजारात आली. पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटाची जुळणी सुरू केली, तर पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटोने परवान्याखाली व्हेस्पा १५० बनवली आणि तो परवाना १९७१ साली संपल्यावर तिचीच पुढची आवृत्ती चेतक या नावाने आणली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया निघाली. इन्नोसेंटीची यंत्रसामग्री विकत घेऊन लखनौला उभ्या राहिलेल्या स्कूटर्स इंडियाने विजय सुपर ही स्कूटर आणि विक्रम ही तीनचाकी काढली, आणि लष्कर, मुरार व जुने ग्वाल्हेर या तीन वस्त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर हीच विक्रम ‘टेंपो’ या नावाने प्रवासी वाहू लागली.

या सगळ्या गाड्यांवर परवाना-राजवटीची सावली होती. उत्पादनाचा कोटा सरकार ठरवत असल्यामुळे मागणी कितीही वाढली तरी पुरवठा वाढत नसे, आणि चेतकसाठी नाव नोंदवल्यावर दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागल्याचे दाखले सर्वश्रुत आहेत. नवी गाडी दशकानंतर मिळणार असेल तर घरातली जुनी गाडी तोवर चालणे भाग होते, आणि इंजिनाचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे झिजलेला सिलिंडर कोरून किंचित मोठा करणे आणि त्यात त्या मापाचा मोठा पिस्टन बसवणे. बोअर वाढवण्याचा व्यवसाय देशभर पसरला तो प्रतीक्षायादीच्या जोरावर, असे म्हणणे वावगे ठरू नये.

चेतकच्या मूळ सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव, ज्याला स्ट्रोक म्हणतात, तीही ५७ मिलिमीटर असून त्यातून १४५.४५ घनसेंटिमीटर, म्हणजे बोलीभाषेतले सीसी, इतके आकारमान मिळते. लॅम्ब्रेटाच्या दीडशे सीसी इंजिनाचा व्यासही नेमका तेवढाच, फक्त धाव एक मिलिमीटरने अधिक. बाजारात पिस्टन स्टँडर्ड मापात आणि त्याहून पाव-पाव मिलिमीटरने वाढत जाणाऱ्या ‘ओव्हरसाइज’ मापांत मिळतात. चौथ्या मापाला व्यास ५८ मिलिमीटर होतो आणि आकारमान १५०.६ सीसीवर जाते. म्हणजे ज्या कारकुनाने वा मास्तराने केवळ दुरुस्ती म्हणून गाडी बोअरिंगला दिली, त्यालाही नकळत पाच सीसी जास्तीचे मिळत होते. त्याहून पुढे जायचे नसेल तर जुन्या भिंतीत नवा स्लीव्ह, म्हणजे ओतीव लोखंडाची नळी, दाबून बसवतात आणि पुन्हा ५७ पासून आरंभ होतो.

हे काम जवळून पाहण्यासारखे असते. उत्तरेत ज्याला खराद म्हणतात त्या लेथवर किंवा स्वतंत्र बोअरिंग मशीनवर सिलिंडर चढवण्यापूर्वी कारागीर त्याचे माप वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी घेतो, कारण झीज सारखी होत नाही. वरच्या रिंगपाशी आणि पोर्टपाशी, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्यांपाशी, ती सर्वाधिक असते आणि नळी लंबगोल झालेली असते. कोरल्यानंतर होनिंगच्या दगडांनी भिंतीवर एकमेकांस छेदणाऱ्या बारीक रेघा उमटवतात, ज्यांच्यात तेल टिकून राहते. मग पोर्टच्या कडा हाताने किंचित मोडतात, नाहीतर रिंग त्या धारेत अडकून तुटते. रिंग नुसती सिलिंडरात सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने तपासतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि भिंत ओतीव लोखंडाची असल्याने तापल्यावर पिस्टन जवळजवळ दुप्पट फुगतो, म्हणून दोहोंमधली मोकळीक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते: ती कमी पडली तर पिस्टन भिंतीला धरतो, ज्याला सीझ होणे म्हणतात, आणि जास्त झाली तर खडखड सुरू होते.

पुढे युरोपातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांनी याच इंजिनासाठी ६३ मिलिमीटर व्यासाचे तयार सिलिंडर काढले, ज्यांनी आकारमान १७७ सीसीपर्यंत, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी वाढते आणि जे क्रँककेस न कोरता बसतात. लोकांचा समज असा की मोठा सिलिंडरच इंजिन मारतो; वस्तुतः दगा देतात ते त्याचे शेजारी, जे पूर्वीच्याच मापाचे राहिलेले असतात. पिस्टनचा माथा २२ टक्क्यांनी मोठा झाला की तितक्याच दाबाने कनेक्टिंग रॉडवर आणि बेअरिंगांवर पडणारे बलही तितकेच वाढते. जुनेच हेड ठेवले तर तेवढ्याच ज्वलनकक्षात अधिक मिश्रण दाबले जाऊन दाबगुणोत्तर चढते आणि ठोके ऐकू येऊ लागतात, म्हणून हेड त्या सिलिंडराच्या जोडीचे लागते आणि ठिणगीची वेळ थोडी मागे घ्यावी लागते. कार्ब्युरेटरचा मेन जेट न बदलल्यास हवा जास्त व पेट्रोल कमी असे ‘लीन’ मिश्रण होते, जे पेट्रोल वाचवल्याचा आभास देत पिस्टनच्या माथ्याला भोक पाडते. प्लगचे टोक पांढरे दिसू लागणे ही त्याची पहिली खूण.

उष्णतेचा प्रश्न ग्वाल्हेरमध्ये विशेष तीव्र, कारण मे महिन्यात तिथला पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. या स्कूटरचे इंजिन बाजूच्या पत्र्याखाली झाकलेले असून त्याला थंडावा मिळतो तो फ्लायव्हीलवरच्या पंख्याने ढकललेल्या हवेतून, आणि पंखा इंजिनाच्या फेऱ्यांबरोबरच फिरतो. शहरातल्या महाराजबाड्याच्या किंवा सराफ्याच्या गर्दीत वरच्या गिअरमध्ये रेटत नेलेले इंजिन अधिक जळते आणि कमी वारा खाते. पत्र्याचे आवरण काढून गाडी ‘मोकळी’ करणे ही म्हणूनच घोडचूक ठरते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्याने, लिटरला वीस मिलिलिटर तेल घालूनही, वेगात असताना थ्रॉटल एकदम सोडून देणे घातक असते, कारण त्या क्षणी पेट्रोल तुटते तसे तेलही तुटते. पहिले पाचशे ते हजार किलोमीटर पूर्ण थ्रॉटल न देण्याचा जुन्या मिस्त्रींचा दंडक साध्या बोअरिंगलाही होता आणि मोठ्या सिलिंडरालाही तोच लागू आहे.

मध्य प्रदेशातच पिथमपूरला १९८४ पासून पुण्याच्या फिरोदियांच्या सहभागाने बनलेली कायनेटिक होंडा तेल वेगळ्या टाकीतून पंपाने देत असे, आणि त्या पंपाचा पुरवठा ९८ सीसीला बेतलेला असल्याने बोअर वाढवणाऱ्याला त्याचा विचार आधी करावा लागे. २००१ साली आलेल्या ॲक्टिव्हाने चार-स्ट्रोक इंजिन घरोघरी नेले. तिथे पेट्रोलात तेल मिसळत नाही, पण तळाशी जेमतेम पाऊण लिटरच्या आसपास तेल असते आणि वाढलेली उष्णता त्यालाच सोसावी लागते, तेव्हा ते लवकर बदलणे हाच उपाय उरतो. कायद्याने मात्र दुरुस्ती आणि बदल यांत रेघ ओढली आहे: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ वर्णनापासून दूर जाणारा फेरफार नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यास दुजोरा दिला. त्यामुळे चौथ्या ओव्हरसाइजवर गेलेली चेतक रस्त्यावर दुरुस्त गाडी म्हणून मोजली जाते, आणि १७७ सीसीचा सिलिंडर बसवलेली तिचीच बहीण नोंदणीपुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही.