दोनशे दहा घोडे आणि एक लूना

नगरचा माणूस वजनाला मान देतो. हे मी उगाच म्हणत नाही, इतिहासाच्या आधारानं म्हणतो. १५४९ साली आमच्या गावात मुलूखमैदान तोफ ओतली गेली. वजन पंचावन्न टन. पुढे ती विजापूरला गेली ती तिथल्या बुरुजावर अजून बसून आहे. (नगरची चांगली वस्तू बाहेरगावी जायची, हा पायंडा तेव्हापासूनचा.) नंतरच्या काळात लष्कराचं चिलखती दल आलं, रणगाडे आले आणि १९९४ साली त्या रणगाड्यांचं संग्रहालयही झालं. त्यात एक रोल्स-रॉइस आहे. पाहुणे आले की आम्ही सहज म्हणून सांगतो, "आमच्याकडे रोल्स-रॉइस आहे बरं का, सिल्व्हर घोस्ट!" तिच्या अंगावर चिलखत आहे, हे तिकीट काढल्यावर त्यांचं त्यांना कळतं. २०२४ साली शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण वजनाची आवड तीच राहिली.

अशा या वजनदार गावात हलक्या गाडीचं वेड लागलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा. आमचा फोरमन.

आम्ही दोघे नागापूरचे. नगरहून मनमाड रस्त्याला लागलं की औद्योगिक वसाहत येते, तेच आमचं नागापूर. तिथल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी तेहतीस वर्षं नट-बोल्ट मोजले आणि फोरमननं ते तेहतीस वर्षं हरवले. तो २०१६ साली निवृत्त झाला, तरी आम्ही त्याला फोरमनच म्हणतो. रागावली की त्याची बायकोसुद्धा त्याला फोरमनच म्हणते.

फोरमनच्या ट्रंकेत जन्मपत्रिका, रेशनकार्ड आणि लग्नातला फेटा यांच्याखाली एक कात्रण आहे. भिंगार कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून पोरवयात घेतलेल्या एका विलायती मोटार-मासिकाचं ते पान. त्यावर एक पांढरी गाडी आहे आणि तिला मागे बदकाच्या शेपटीसारखं काहीतरी आहे. पोर्शे कॅरेरा आर. एस. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली. इंजिन २.७ लिटर, ताकद दोनशे दहा घोड्यांची, वेग ताशी २४५ किलोमीटर. शर्यतीत उतरायचं तर तशा निदान पाचशे गाड्या बनवल्या पाहिजेत, असा नियम होता. एवढ्या घेणार कोण, अशी शंका होती. शेवटी १,५८० बनल्या.

त्यातला एक खास हलका प्रकार होता. तो हलका कसा केला? मागची सीट काढली. घड्याळ काढलं. पुढच्या कप्प्याचं झाकण काढलं. काच पातळ केली, पत्रा पातळ केला. फोरमननं ही यादी मला पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा मला वाटलं, हा चोरीला गेलेल्या गाडीचा पंचनामा वाचतोय.

"अरे, हेच तर शास्त्र आहे!" फोरमन म्हणाला. "ताकद वाढवायची एक रीत आणि वजन काढायची दुसरी. दुसरी अवघड."

या शास्त्राचे मूळपुरुष इंग्लंडातले कॉलिन चॅपमन. त्यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' नावाची गाडी काढली. चार चाकं, दोन माणसं, एक इंजिन आणि बाकी बहुतेक हवा. तयार गाडीवर तिथे खरेदीकर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोक ती सुट्या भागांत घेत आणि घरच्या अंगणात जोडत. कर वाचवायचा तर सोबत जोडणीची माहिती देता येत नव्हती. तेव्हा कंपनी गाडी सुटी कशी करावी याची माहिती देई आणि गिऱ्हाईक ती उलटी वाचे, असं सांगतात. ही गोष्ट ऐकल्यापासून फोरमनला इंग्रजांबद्दल थोडा आदर वाटू लागला. १९७३ साली त्या गाडीचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले आणि ती थोड्याफार फरकानं अजून निघते.

आता इतिहासातला योगायोग पाहा. ज्या १९७२ साली पोर्शेनं घड्याळ काढून टाकलं, त्याच साली आमच्या नगरच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं लूना काढली. पन्नास सी.सी.चं इंजिन. फोरमनच्या मते दोन्हींमागचं तत्त्व एकच. लूनालाही घड्याळ नव्हतं. पोर्शेची काच पातळ होती, लूनाला काचच नव्हती. छत नाही, दारं नाहीत. फरक काय तो दोनशेच्या वर घोड्यांचा. शिवाय चढावर घोडे दमले तर माणसानं पायडल मारायची सोय लूनात होती. पोर्शेनं ती अजूनही दिलेली नाही.

फोरमननं अर्थातच लूना घेतली. तिच्यावर बायको आणली, पोरं शाळेत सोडली, गव्हाचं पोतं आणलं, एकदा तर शिलाई मशीनसुद्धा आणलं. हलकेपणाचं शास्त्र संसारात टिकत नाही. पण कात्रण ट्रंकेत होतंच.

मार्च २०१७ मध्ये ते बाहेर आलं. वर्तमानपत्रात बातमी होती की, टाटांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'रेसमो' नावाची गाडी मांडली आहे. दोन माणसांची. इंजिन पाठीमागे, १.२ लिटरचं, टर्बो लावलेलं, १९० घोड्यांचं. शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. आणि अशा फक्त अडीचशे गाड्या काढायचा बेत आहे.

फोरमन बातमी घेऊन टपरीवर आला तेव्हा त्याचा चहा निवला तरी त्याच्या लक्षात आलं नाही. "देशी आहे," तो म्हणाला. "आयातकर नाही. विलायतची गाडी आणली की एक गाडीची आणि एक सरकारची, अशी दुप्पट किंमत व्हायची. ती अडचण गेली. पुण्याची कंपनी. एकशेवीस किलोमीटर. आणि माझी ग्रॅच्युइटी, फंड मिळून..." पुढे तो नुसताच हवेत हिशेब करत राहिला.

किंमत जाहीर झालेली नव्हती. त्यामुळे चर्चेला काहीच अडथळा नव्हता. त्या उन्हाळ्यात आम्ही त्या टपरीवर रोज संध्याकाळी ती गाडी विकत घेतली आणि रोज रात्री परत केली.

पहिला प्रश्न मास्तरांनी काढला. मास्तर आमच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. "चालवणार कुठे?"

फोरमननं बोटं मोजली. मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, १९९० पासूनचा. कोइमतूरला कारी स्पीडवे, २००३ चा. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरहून थोडं जास्त लांबीचं, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. कुठलाही धरा, नागापूरहून हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब.

"म्हणजे पाच किलोमीटर चालवायला हजार किलोमीटर जायचं," मास्तर म्हणाले. "पंढरीच्या वारीत निदान वाटेत जेवायला तरी घालतात."

"आपल्या नगरला व्हीआरडीईचा ट्रॅक आहे की!" मी म्हणालो. लष्कराच्या वाहनांच्या चाचण्या घेणारी ही संस्था आमच्या उशाशी आहे. पण तिथे फाटकावर बंदूकधारी जवान असतो आणि हौस या कारणासाठी तो आत सोडत नाही.

दुसरा प्रश्न गतिरोधकाचा. नियमाप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा ऐसपैस उताराचा हवा. आमच्याकडचे गतिरोधक गावकरी रात्रीतून घालतात आणि त्यांना नियम माहीत नसतो. शर्यतीच्या गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटांवर. फोरमननं घरापासून टपरीपर्यंतचे गतिरोधक पट्टीनं मोजले. सात निघाले. त्यातला एकही गाडीनं ओलांडता आला नसता. म्हणजे गाडी घ्यायची आणि चहाला चालत यायचं.

तिसरा प्रश्न विम्याचा. मी स्टोअर्सचा माणूस, मला बारीक अक्षर वाचायची सवय. मोटारीच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की शर्यत, वेगाची चाचणी आणि गाडीच्या टिकाऊपणाची परीक्षा यांत झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. शर्यतीचं समजू शकतो; पण टिकाऊपणाची परीक्षा वगळली, तर मनमाड रस्त्यावर पॉलिसीत उरलं काय?

शिवाय टायर. ट्रॅकवरचे मऊ टायर रस्त्याला चिकटतात आणि चिकटून चिकटून काही दिवसांतच संपतात. ब्रेकचंही तेच. फोरमन सगळं वहीत लिहीत होता. विरुद्ध बाजूची पानं भरत चालली होती आणि बाजूच्या पानावर एकच शब्द होता: 'पाहिजे'.

शेवटी प्रकरण वहिनींकडे गेलं. त्यांनी वही पूर्ण वाचली, कात्रण पाहिलं आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, यांनी आयुष्यात स्वतःसाठी काही घेतलं नाही. घेऊ दे. माझी हरकत नाही. फक्त एक विचारा. चार बोटांवरच्या सीटवर मी बसले, तर मला उठवणार कोण?"

फोरमन गप्प झाला. वहिनींचे दोन्ही गुडघे पाच वर्षांपासून गेले होते. जिना चढताना त्या कठडा धरत आणि तोंडानं काही बोलत नसत. आम्ही सात गतिरोधक मोजले, पण घरातला जिना मोजला नव्हता.

रेसमो पुढे बाजारात आलीच नाही, तो बेत बाजूला पडला. पण हे नगरला कळायच्या आधीच ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, आणि ही बातमी मात्र फोरमननं स्वतः कापून ठेवली. दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी नमुन्याचा सांधा दाखवला तेव्हा फोरमनचे डोळे चमकले. कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू, खाली पॉलिथिलीनची बैठक! त्यानं तो हातात घेऊन तोलला आणि विचारलं, "डॉक्टर, वजन किती हो याचं?"

वहिनी घरात चालायला शिकत होत्या त्या महिन्यांत फोरमननं अंगणात लूना सोडली. कॅरिअर काढला, मागची सीट काढली, टोपली काढली, दोन्ही आरसे काढले. मग आम्ही तिला ढकलत रस्त्यावरच्या वजनकाट्यावर नेलं, जिथे उसाचे ट्रक तोलतात. काटेवाल्यानं एकदा गाडीकडे आणि एकदा फोरमनकडे पाहिलं. त्याचा काटा दहा-दहा किलोंच्या पायरीनं हलायचा. लूना चढवली, आकडा थोडा हलला. फोरमन बसला, तेव्हा कुठे काट्याला काहीतरी आल्यासारखं वाटलं.

"बघ!" फोरमन म्हणाला. "जे काय वजन आहे ते चालवणाऱ्याचं."

दोन दिवस त्यानं ती एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर रविवारी सकाळी पिटाळली. वेग किती होता ते सांगता येत नाही, कारण काटाही काढला होता.

तिसऱ्या रविवारी वहिनी काठी न घेता फाटकापर्यंत आल्या. लूनाकडे पाहिलं, जिथे सीट नव्हती तिथे पाहिलं.

"मी कुठे बसू?"

फोरमन काही न बोलता पान्हा आणायला आत गेला.