जो लुइसचा डावा हात

१९ जून १९३६ रोजीं न्यूयॉर्क येथें जर्मन मुष्टियोद्धा माक्स श्मेलिंग यानें तोंवर अपराजित असलेल्या जो लुइसला बाराव्या फेरींत लोळविलें. बावीस वर्षांच्या या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणाचें भवितव्य संपलें, असें पुष्कळांनीं उतावीळपणें ठरवून टाकलें. डावा ठोसा हाणल्यावर लुइस तो हात खालीं सोडी, हें श्मेलिंगनें हेरलें होतें. त्या फटींतून त्याचा उजवा ठोसा जबड्यावर बसे. उणीव बळाची नव्हती, संवयीची होती; आणि संवय मोडतां येते. १९३७ मध्यें ब्रॅडकला नमवून लुइस हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. २२ जून १९३८ रोजीं श्मेलिंग पुन्हां समोर आला. नाझी राजवटीला त्याचा केवढा अभिमान! (तो स्वतः पक्षाचा सभासद नव्हता, ही गोष्ट निराळी.) झुंज दोन मिनिटें चार सेकंदांत आटोपली. १९४९ मध्यें निवृत्त होईतों लुइसनें अजिंक्यपद सोडलें नाहीं.