स्वातंत्र्यरक्षण आणि समाजाची जागरूकता : १९७५-७७ च्या आणीबाणीच्या संदर्भात

प्रास्ताविक

अखंड सावधानता हे स्वातंत्र्याचे मोल होय, हे वचन थॉमस जेफरसन यांच्या नावावर सांगितले जाते. परंतु त्यांच्या लेखनात ते आढळत नाही. त्याच आशयाचा विचार आयरिश वकील जॉन फिलपॉट करन यांनी १७९० मध्ये डब्लिन येथील भाषणात मांडला होता. वचन सर्वपरिचित असले, तरी ही सावधानता कशाविषयी आणि केव्हा बाळगावयाची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. स्वतंत्र भारताच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे झाल्यास २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या एकवीस महिन्यांकडे वळावे लागते.

आणीबाणीची पूर्वतयारी

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील निवड रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी 'अंतर्गत अशांतता' या कारणास्तव आणीबाणीच्या उद्घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. हा घटनाक्रम सुपरिचित आहे. त्या रात्री वापरली गेलेली साधने कोठून आली, याचा विचार मात्र तुलनेने कमी झाला आहे.

ही साधने त्या रात्री निर्माण झालेली नव्हती. उद्घोषणेचा आधार असलेला अनुच्छेद ३५२ मूळ राज्यघटनेतच होता. आणीबाणीविषयक तरतुदींवर संविधान सभेत १९४९ मध्ये चर्चा झाली, तेव्हा ह. वि. कामत यांनी जर्मनीच्या वायमार राज्यघटनेचा दाखला देऊन तीव्र विरोध नोंदविला होता. तो मान्य झाला नाही. विनाचौकशी स्थानबद्धतेलाही अनुच्छेद २२ ची मान्यता होती. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा वेळोवेळी मुदतवाढ घेत १९६९ च्या अखेरपर्यंत चालू राहिला. त्यानंतर १९७१ मध्ये 'मिसा' म्हणजेच अंतर्गत सुरक्षा कायदा आला.

आणीबाणीची अवस्थाही देशाच्या अंगवळणी पडली होती. चिनी आक्रमणाच्या वेळी ऑक्टोबर १९६२ मध्ये जाहीर झालेली आणीबाणी युद्ध महिनाभरात थांबूनही जानेवारी १९६८ पर्यंत उठविली गेली नाही. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या युद्धाच्या निमित्ताने लागू झालेली आणीबाणी तर १९७५ मध्येही अस्तित्वात होती. जून १९७५ ची उद्घोषणा ही एका आणीबाणीवर चढविलेली दुसरी आणीबाणी होती. संकट सरले, तरी संकटकाळाचे अधिकार परत घेतले गेले नाहीत आणि समाजाने ते परत मागितलेही नाहीत.

संस्थांची कसोटी

२७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांखालील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद झाला. लगेचच 'मिसा'मध्ये वटहुकुमाने दुरुस्ती होऊन स्थानबद्धतेची कारणे कळविण्याचे बंधन शिथिल करण्यात आले. ऑगस्टमध्ये अडतिसाव्या घटनादुरुस्तीने उद्घोषणेचा न्यायालयीन विचारच निषिद्ध ठरविला. शहा आयोगाच्या नोंदीनुसार या काळात १,१०,८०६ व्यक्ती स्थानबद्ध अथवा अटकेत होत्या.

मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी, स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतात, अशी भूमिका घेतली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती फेटाळली. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर उपाय काय, असा प्रश्न न्या. ह. रा. खन्ना यांनी सुनावणीत विचारला असता, आणीबाणी असेपर्यंत उपाय नाही, असे उत्तर सरकारच्या वतीने देण्यात आले. एकटे न्या. खन्ना बहुमताविरुद्ध गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीशपद देण्यात आले व न्या. खन्ना यांनी राजीनामा दिला.

महाराष्ट्रातही असे अपवाद घडले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी त्यांच्या उपस्थितीतच लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न उपस्थित केला आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेचे आवाहन केले. पुढील वर्षी त्यांना अटक झाली. 'फ्रीडम फर्स्ट' नियतकालिकातील मजकूर सेन्सॉरने अडविला, तेव्हा मिनू मसानी यांनी न्यायालयात धाव घेतली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सेन्सॉरचे आदेश अवैध ठरविले. कायद्याच्या चौकटीत उरलेली जागा किती आहे, हे अशा व्यक्तींनी प्रत्यक्ष चाचपून पाहिले. इतरत्र ती जागा बंदी येण्यापूर्वीच, भयापोटी सोडून दिली गेली.

अपुरी राहिलेली दुरुस्ती

१९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी आपला निर्णय दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतते'ऐवजी 'सशस्त्र उठाव' हे शब्द घातले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला आणि अनुच्छेद २० व २१ यांचे हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवले. १९७६ चा निर्णय मात्र २०१७ मध्ये, पुट्टस्वामी खटल्यातील निकालपत्रात, स्पष्टपणे रद्द ठरला. चूक दुरुस्त होण्यास एकेचाळीस वर्षे लागली.

याच घटनादुरुस्तीच्या कलम ३ ने विनाचौकशी स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती आणि सल्लागार मंडळाची रचना अधिक स्वतंत्र केली होती. संसदेने संमत केलेले हे कलम अंमलात आणण्याची अधिसूचना मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने काढली नाही. १९८१ च्या डिसेंबरात ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तसा आदेश देण्यास नकार दिला. 'मिसा' १९७८ मध्ये रद्द झाला. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. ज्यांनी स्थानबद्धता भोगली, त्यांच्यापैकी अनेक जण पुढे सत्तेवर आले; तरीही हे कलम कागदावरच राहिले.

समारोप

१९७५ मध्ये स्वातंत्र्याचा संकोच मुख्यतः कायद्याच्या मार्गाने झाला आणि तो मार्ग शांततेच्या वर्षांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत आखला गेला होता. म्हणून जागरूकतेची खरी वेळ संकटाची रात्र नसून त्यापूर्वीचे सामान्य दिवस होत. एखादा अपवादात्मक अधिकार किती मुदतीसाठी दिला, ती मुदत संपल्यावर तो परत घेतला की नाही आणि तो विरोधकांच्या हाती गेल्यास मान्य होईल काय, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतात. न विचारलेल्या प्रश्नांची किंमत १९७५ मध्ये एक लाखाहून अधिक व्यक्तींनी मोजली. अंमलाची वाट पाहणारे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचे कलम ३ हे प्रश्न आजही विचारावयाचे राहिले असल्याची साक्ष देते.