सिगारच्या कायद्याला जोडलेले प्रकरण : रीट आणि दोन मंद्यांची कथा

१४ सप्टेंबर १९६० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली. विधेयक होते सिगारवरील अबकारी कराच्या मुदतवाढीचे. धूम्रपानाशी काडीचाही संबंध नसलेले एक प्रकरण त्याच्या शेपटाला जोडलेले होते. आज 'रीट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांचा जन्म त्या प्रकरणातून झाला. बाजार कोसळला की हे न्यास का कोलमडतात आणि त्यांतले काही पुन्हा कसे उभे राहतात, याचा हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

कल्पना जुनीच होती. एकोणिसाव्या शतकात बोस्टनमधील धनिक असे न्यास स्थापून इमारती सामाईकपणे बाळगत असत. १९३५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा न्यासांना कंपनीप्रमाणेच कर लागू होतो असा निर्णय दिला. आधी न्यासावर कर, मग हाती आलेल्या लाभांशावर पुन्हा कर, असा दुहेरी भार पडू लागला आणि त्या व्यवहारातला रस आटला.

१९६० च्या कायद्याने तो भार उचलला. मॅनहॅटनमधल्या कचेऱ्यांच्या भाड्यात एखाद्या शिक्षकाला किंवा कारकुनालाही वाटा मिळावा, हा त्यामागचा उद्देश. अटी होत्या : किमान १०० भागधारक हवेत, मालमत्तेचा तीन चतुर्थांश भाग स्थावराशी निगडित हवा आणि दरवर्षी उत्पन्नातले किमान ९० टक्के भागधारकांना वाटलेच पाहिजे.

ही नव्वद टक्क्यांची अट ध्यानात ठेवावी. इतर कंपन्या बऱ्या दिवसांतला नफा गाठीशी बांधून ठेवू शकतात. रीटला ती मुभा नाही. सुगीत सारे धान्य वाटून टाकायचे आणि पेरणीच्या वेळी बियाणे सावकाराकडून आणायचे, असा हा संसार. सावकाराचे दार उघडे आहे तोवर तो सुरळीत चालतो.

न्यासांचे दोन प्रकार पडले. पहिला इमारतींचा मालक होऊन भाडे घेणारा. दुसरा इमारत बांधणाऱ्यांना तारणावर कर्ज देणारा. साठच्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या प्रकाराची भरभराट झाली. मोठमोठ्या बँकांनी स्वतःच्या नावाने असे न्यास काढले. न्यास बाजारातून काही महिन्यांच्या मुदतीने पैसा उचलत आणि बांधकाम व्यावसायिकाला चढ्या व्याजाने देत. १९६८ मध्ये रीटची एकूण मालमत्ता सुमारे १ अब्ज डॉलर होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती २० अब्जांच्या घरात गेली.

या भरभराटीत एक मेख होती. इमारत पूर्ण होईपर्यंत बांधणाऱ्याला उत्पन्न नसते, मग तो व्याज कोठून देणार? तर पुष्कळदा व्याजाची रक्कम मूळ कर्जातच धरलेली असे. म्हणजे न्यास स्वतःचाच पैसा व्याज म्हणून परत घेई, तो उत्पन्न म्हणून वहीत मांडी आणि त्यातले ९० टक्के लाभांश म्हणून वाटून टाकी. यात बेकायदा काही नव्हते, आणि मला तरी हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. महागाई आधीच पेटली होती. जुलै १९७४ मध्ये अमेरिकन बँकांचा मूळ व्याजदर १२ टक्क्यांवर पोहोचला. अल्पमुदतीचे कर्ज दर काही महिन्यांनी नव्याने उचलणाऱ्या न्यासांना हा दर लगेच भरावा लागला. ज्यांना कर्ज दिले होते ते मात्र थकले. फ्लोरिडात सदनिकांच्या अर्धवट इमारती तशाच उभ्या राहिल्या.

आता आकडे पाहू. १९७२ च्या अखेरीस कोणी १०० डॉलर गुंतवले आणि लाभांशही पुन्हा तिथेच घातला, असे धरू. कर्ज देणाऱ्या रीटांत ते १९७४ च्या अखेरीस सुमारे ३५ डॉलर उरले. इमारती बाळगणाऱ्या रीटांत सुमारे ६६ उरले. पुढच्या दोन वर्षांत दोन्हींनी उसळी घेतली. १९७६ अखेरीस पहिल्याचे झाले ७४, दुसऱ्याचे ११७.

हे ११७ पाहून 'धीर धरणारा जिंकला' असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच चार वर्षांत अमेरिकेतील किंमती सुमारे ३७ टक्क्यांनी वाढल्या होत्या. खरेदीशक्तीच्या हिशेबात इमारतवाल्यांतही तोटाच होता, फक्त सोसण्याजोगा. शिवाय हा सरासरीचा हिशेब. डिसेंबर १९७४ मध्ये घाबरून विकून मोकळा झालेला कारकून या सरासरीत कोठे दिसत नाही. चेस मॅनहॅटन बँकेने काढलेल्या न्यासाने १९७९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. रीट हा शब्द पुढे कित्येक वर्षे बदनाम राहिला.

नव्वदच्या दशकात इमारतींचे मालक असलेले रीट पुन्हा जोमाने वाढले. आता जुना धोका टळला, असे मानले जाऊ लागले. तो टळला नव्हता. त्याने घर बदलले होते.

आयोवा राज्यातल्या किराणा व्यापारी कुटुंबातील मार्टिन आणि मॅथ्यू बक्सबॉम या भावांनी १९५४ मध्ये सीडर रॅपिड्स येथे एक बाजारसंकुल उभारले. त्यातून पुढे 'जनरल ग्रोथ प्रॉपर्टीज' ही कंपनी उभी राहिली. २००४ मध्ये तिने 'राऊस' ही प्रतिस्पर्धी कंपनी १२ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली, मुख्यतः कर्जाच्या बळावर. अशा रीतीने २०० हून अधिक मॉल आणि सुमारे २७ अब्ज डॉलरचे कर्ज एकाच छत्राखाली आले.

२००८ मध्ये पतपुरवठा गोठला तेव्हा या मॉलमधले नव्वद टक्क्यांहून अधिक गाळे भरलेले होते. भाडे येत होते. आले नाही ते मुदत संपलेल्या कर्जाच्या जागी मिळणारे नवे कर्ज. २००७ च्या वसंतात ६० डॉलरच्या वर असलेला शेअर नोव्हेंबर २००८ मध्ये एका डॉलरच्याही खाली गेला. १६ एप्रिल २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेच्या इतिहासातील स्थावर क्षेत्रातली ती सर्वांत मोठी दिवाळखोरी ठरली.

दरम्यान करखात्याने डिसेंबर २००८ मध्ये एक सवलत दिली : लाभांशातला ९० टक्क्यांपर्यंतचा भाग रोखीऐवजी शेअरांच्या रूपाने देता येईल. म्हणजे १९६० ची ती अट मोडायची नाही, पण धान्य मात्र कोठारात ठेवायचे. 'सायमन प्रॉपर्टी'सारख्या बड्या रीटने तिचा लाभ घेतला, नवे शेअर विकून भांडवल उभे केले आणि ती तरली. फेब्रुवारी २००७ ते मार्च २००९ या काळात रीटांचा निर्देशांक दोन तृतीयांशाने घसरला होता. २००९ आणि २०१० या दोन्ही वर्षांत तो प्रत्येकी सुमारे २८ टक्क्यांनी वधारला.

जनरल ग्रोथच्या बाबतीत मात्र वेगळेच घडले. बिल अ‍ॅकमन यांच्या गुंतवणूक संस्थेने शेअर मातीमोल असतानाच त्यातला सुमारे चौथा हिस्सा जवळपास ६ कोटी डॉलरला घेतला होता. त्यांचा तर्क असा : मालमत्ता कर्जाहून मोठी आहे, तुटवडा आहे तो केवळ वेळेचा, आणि न्यायालय वेळ देऊ शकते. तसेच झाले. कर्जाच्या मुदती अनेक वर्षांनी पुढे ढकलल्या गेल्या, धनकोंची देणी पूर्ण मान्य झाली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली. दिवाळखोरीत भागधारकाच्या हाती सहसा काहीच उरत नाही, येथे उरले.

ही कथा गुंतवणुकीच्या वर्तुळात दंतकथेसारखी सांगितली जाते. सांगणारे एवढे विसरतात की अ‍ॅकमन यांच्याकडे शेकडो कर्जकरार वाचून काढणारी माणसे होती. ज्या कारकुनासाठी १९६० चा कायदा झाला, त्याच्याकडे वर्तमानपत्रातला एक भाव होता, आणि तो भाव एका डॉलरहून कमी होता.

भारतात सेबीने २०१४ मध्ये रीटचे नियम केले, तेव्हा हे दोन्ही इतिहास समोर होते. न्यासाच्या मालमत्तेतला किमान ८० टक्के भाग बांधून पूर्ण झालेला आणि उत्पन्न देणारा हवा. १९७४ च्या अर्धवट इमारती त्यामुळे दाराबाहेरच राहतात. कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांच्या पुढे नेता येत नाही. २००९ ची आठवण त्यात आहे. ९० टक्के वाटपाची अट मात्र येथेही आहे.

देशातला पहिला रीट एप्रिल २०१९ मध्ये बाजारात नोंदला गेला. दुसरा, ऐरोली आणि पुण्यातली कार्यालय-संकुले पोटात घेऊन, ऑगस्ट २०२० मध्ये आला. टाळेबंदीनंतरचे ते दिवस. कचेऱ्यांत माणूस दिसत नव्हता, लोक घरून काम करीत होते आणि कार्यालयांचे युग संपले असे जाणकार लिहीत होते. करार मात्र दीर्घ मुदतीचे होते. २७५ रुपयांना दिलेले ते युनिट पहिल्या दिवशी त्याहून वरच्या भावाने उघडले.