थर वाळवंटातील पशुपक्ष्यांची घरटी व बिळे

थर वाळवंट हा भारताच्या वायव्य भागात व पाकिस्तानच्या सिंध आणि पंजाब प्रांतांत पसरलेला शुष्क प्रदेश असून त्याचा मोठा भाग पश्चिम राजस्थानात मोडतो. येथे वृक्ष विरळ, पाणी दुर्मीळ आणि उन्हाळा अत्यंत प्रखर असतो. १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. वाळवंट म्हणजे केवळ वाळूच्या टेकड्या, हा समज येथे बाजूला ठेवावा लागतो. थरमध्ये गवताळ माळ, खडकाळ पठारे आणि काटेरी झुडपांची राने आहेत व बहुतेक जीव विणीसाठी त्यांचाच आश्रय घेतात.

उघड्या जमिनीवरील घरटी

झाडे कमी असल्याने अनेक पक्षी थेट जमिनीवर अंडी घालतात. अशा ठिकाणी घरटे हा शब्दही नावापुरताच असतो. जमिनीत पायाने वा छातीने केलेला उथळ खळगा, फार तर कडेला चार खडे, एवढेच त्याचे स्वरूप असते. संरक्षणाचा सारा भार अंड्यांच्या मातकट, ठिपकेदार रंगावर असतो.

माळढोक हा या गटातील सर्वांत मोठा पक्षी होय. तो १९८१ पासून राजस्थानचा राज्यपक्षी आहे. मादी बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे २७ दिवस एकटीच ते उबवते. नर उबवण्यात किंवा पिल्लाच्या संगोपनात भाग घेत नाही. त्यामुळे कोल्हा, घोरपड, कावळा किंवा भटक्या कुत्र्याने ते एक अंडे पळविले की तिची त्या वेळची वीण वाया जाते. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावरही हा पक्षी पूर्वी नियमित आढळत असे.

पखुर्डीची रीत निराळी आहे. तिची जोडी दोन-तीन अंडी पाळीपाळीने उबवते. दिवसा मादी बसते व रात्री नर. पाणवठा दूर असला तरी पिल्लांना पाणी घरपोच मिळते, कारण नराच्या पोटावरील पिसे पाणी शोषून धरणारी असतात. नर पाण्यात बसून ती भिजवतो, उडत परत येतो आणि पिल्ले त्या पिसांतून पाणी चोखतात.

टिटवीही उन्हाच्या काहिलीत पोटाची पिसे ओली करून अंड्यांवर बसते. तिचा हेतू मात्र अंडी थंड ठेवण्याचा असतो. म्हणजे वाळवंटात ‘उबवणे’ याचा अर्थ पुष्कळदा अंड्यांवर सावली धरणे असाच होतो. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस चांगला पडतो असे ग्रामीण भागात मानतात. त्याला शास्त्रीय आधार नाही.

झाडांवरील घरटी

खेजडी, म्हणजेच आपल्याकडील शमी, हा थरमधील सर्वांत महत्त्वाचा वृक्ष. गरुड व गिधाडे त्याच्या शेंड्यावर काटक्यांची घरटी बांधतात, तर ढोलीत पिंगळे राहतात. लग्गड ससाणा स्वतः घरटे न बांधता दुसऱ्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यात अंडी घालतो. सुगरण पाण्याजवळच्या काटेरी बाभळीला घरटी टांगते. बिश्नोई समाज खेजडी तोडत नाही. १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली गावी अमृता देवी यांच्यासह ३६३ जणांनी या वृक्षांसाठी प्राण दिले. ‘ओरण’ नावाच्या देवराया आजही पक्ष्यांचे आश्रयस्थान आहेत.

जमिनीखालील बिळे

दुपारी तापलेली वाळू अनवाणी पायाला सोसवत नाही. मात्र हात-दीड हात खाली दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक जवळजवळ नाहीसा होतो. बिळात हवाही किंचित दमट राहते. वाळवंटी उंदीर झुडपांच्या मुळाशी अनेक तोंडांची बिळे खोदून वसाहत करतो. सांडा हा शाकाहारी सरडा आपल्या बिळाचे तोंड आतून मातीने बंद करतो व हिवाळा आतच काढतो. तथाकथित औषधी तेलासाठी त्याची बेकायदा शिकार होते. वाळवंटी कोल्ह्याची बिळे प्रशस्त असतात, तर वाळवंटी मांजर बहुधा दुसऱ्याने खोदलेले बीळ वापरते. वेडा राघू मऊ मातीच्या दरडीत आडवा बोगदा कोरून त्याच्या टोकाशी अंडी घालतो. चिंकारा मात्र घर करीत नाही. मादी पाडसाला गवतात वा झुडपाआड लपवून चरायला जाते.

न विणणारे पाहुणे

फलोदीजवळच्या खीचन गावी हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने उतरणारे ‘कुरजां’ क्रौंच येथे घरटी करीत नाहीत. त्यांची वीण मध्य आशियातील गवताळ प्रदेशात होते.

धोके व संवर्धन

जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांतील ३,१६२ चौरस किलोमीटरच्या वाळवंट राष्ट्रीय उद्यानात काही गवताळ क्षेत्रे कुंपण घालून विणीसाठी राखली आहेत. तथापि कालव्याखाली आलेली शेती, भटकी कुत्री आणि वीजवाहिन्या यांमुळे माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून खाली आली आहे. त्यांच्या क्षेत्रातील वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. २०२४ मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविण्यात आला. दरम्यान, २०१९ पासून माळावरील अंडी गोळा करून जैसलमेर जिल्ह्यातील सम येथील केंद्रात यंत्राच्या साहाय्याने उबवली जात आहेत.