दुसरा पाय

दादऱ्याहून वापीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे कामाला निघालेली वडीलधारी माणसे सायकलवर कशी बसतात, ते पाहावे. डावा पाय पायडलवर, उजव्याने जमिनीला दोन-तीन रेटे, आणि गाडीने वेग घेतला की उजवी टांग सीटमागून पलीकडे. माझ्या वर्गातील मुली तसे करीत नाहीत. त्या आधी बसतात, एक पाय जमिनीला टेकवितात आणि दुसऱ्याने पायडल दाबतात. या दोन रीतींमागे मोठा इतिहास आहे.

१८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइसने जी दुचाकी रस्त्यावर आणली, तिला पायडल नव्हतेच. दोन्ही पायांनी जमीन रेटीत जायचे. तेव्हा चढण्याचा प्रश्नच नव्हता. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले आणि पाय उचलण्याचा प्रसंग आला. साखळी नसल्याने पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. म्हणून वेगाच्या हौसेने हे चाक वाढत वाढत १८७० नंतर पाच फुटांपर्यंत गेले. त्यावर उभ्याउभ्या बसणार कसे? मागच्या लहान चाकाच्या वर एक छोटी पायरी असे. मागून हँडल धरायचे, डावा पाय पायरीवर ठेवायचा, उजव्याने चक्क लंगडी घालीत गाडी पळवायची आणि मग सीटवर चढायचे!

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. चाके जवळजवळ सारखी, साखळी मागच्या चाकाला. पायरीची गरज संपली, तरी आरंभीच्या गाड्यांना ती मागच्या आसावर राहिलीच. पुढे पायडलनेच तिचे काम पत्करले. आमची ‘टांग मारणे’ ही त्या लंगडीचीच नात म्हणावी. डावीकडून चढण्याची रीत घोडेस्वारांची, कारण तलवार डाव्या कमरेला. साखळी उजवीकडे असल्याने ती धोतरवाल्यांनाही सोयीची ठरली.

आधी गाडी पळवायची, याला कारण आहे. ज्या बाजूला तोल जाईल, त्याच बाजूला हँडल किंचित वळविले म्हणजे चाके पुन्हा शरीराखाली येतात; परंतु त्यासाठी गाडी चालती हवी. नवशिका घाबरून नेमके उलट वळवितो आणि पडतो.

लांब झग्यांसाठी बिनदांड्याची सायकल विलायतेत १८९० पूर्वीच निघाली होती. आमच्या घरी मात्र एकच सायकल, वडिलांची, बावीस इंची, मधल्या दांड्याची. ती रविवारी मोकळी असे. मी दांड्याखालून उजवा पाय घालून, सीट काखेत धरून, अर्धे पायडल मारीत कैची शिकलो. धाकटी बहीण कॅरियर धरून मागे पळत असे. तिची पाळी कधी आलीच नाही. मुलीने टांग टाकणे घरात कोणालाच रुचत नव्हते. पुढे हायस्कूल दूर पडले, आणि तिची शाळा सुटली. त्या वेळी मीही काही बोललो नाही, हे सांगितले पाहिजे.

गेल्या सुट्टीत ती माहेरी आली होती. तिच्या मुलीची सायकल अंगणात होती, बिनदांड्याची. बहीण साडी सावरून तिच्यावर बसली, एक पाय पायडलवर ठेवला. दुसरा काही जमिनीवरून उचलेना. भाची खाली वाकून म्हणाली, “आई, चाकाकडे नको, समोर बघ.” मी मागे जाऊन कॅरियर धरला.